सोलापुरातून घरच्या दुर्बिणीने धूमकेतू आणि ‘क्ष-किरण तारा’ दोन्ही दिसतील का?

तुम्ही आठ इंची डॉब्सोनियन (आरशाची, साध्या बैठकीवरची दुर्बीण) नुकतीच घेतलीय, राहायला सोलापुरात आहात, आणि बातम्यांत अधूनमधून येणारा ‘अचानक पेटलेला क्ष-किरण स्रोत’ व धूमकेतू यांपैकी काय दिसेल असं विचारलंय. दोन्ही दिसतात. फक्त क्ष-किरण दिसत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. माझा मेहुणा पहाटे तीनला उठून माझ्याबरोबर आला होता. भिंगाला डोळा लावला, “एवढ्यासाठी?” म्हणाला आणि गाडीत जाऊन झोपला.

क्ष-किरण आपलं वातावरण वरच्या वरच शोषून घेतं. म्हणूनच सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत, वृश्चिकेतला स्को एक्स-१, १९६२ साली रॉकेट वर पाठवल्यावर सापडला. आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा जपानी मॅक्सी हा क्ष-किरण टिपणारा संच सतत पहारा देतो, आणि २०१५ पासून आपला उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅटही आहे. आपल्याला जमिनीवरून दिसतो तो त्याच घटनेचा साधा प्रकाश.

मी पाहिलेला असा स्रोत म्हणजे मॅक्सीचंच नाव मिळालेला मॅक्सी जे१८२०+०७०. नावातच पत्ता आहे: विषुवांश (आकाशातले जणू रेखांश) १८ तास २० मिनिटं, क्रांती (जणू अक्षांश) अधिक ७ अंश. भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे दहा हजार प्रकाशवर्षांवर. तिथे एक कृष्णविवर आणि सूर्याहून लहान तारा साडेसोळा तासांत एकमेकांभोवती फेरी मारतात. ताऱ्याचा वायू ओढला जातो, पण थेट आत पडत नाही, भोवतीच्या तबकडीत साठत राहतो. साठता साठता तबकडी तापते, हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि वर्षानुवर्षांची साठवण एकदम आत घसरू लागते. आतला भाग क्ष-किरणांत पेटतो, बाहेरचा भाग त्या उजेडाने तापून साध्या प्रकाशात चमकतो. एरवी मोठ्या दुर्बिणीलाही जेमतेम दिसणारी जागा मार्च २०१८ मध्ये १२-१३ व्या प्रतीपर्यंत आली (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी).

त्या वर्षी पाडवा १८ मार्चला होता, म्हणजे आदली रात्र अमावास्येची. मित्राचं शेत नान्नजकडे, माळढोक अभयारण्याच्या बाजूला. शहराचा उजेड दक्षिणेला राहतो. साडेचारपर्यंत भुजंगधारी चांगला वर आला होता. मी तासभर भलत्याच ठिपक्याकडे टक लावून बसलो, कारण आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं आणि मी नकाशा सुलट धरला होता. नकाशा फिरवल्यावर पाच मिनिटांत सापडला. नुसता ठिपका. शेजारच्या दोन ताऱ्यांशी तुलना करून तेजस्विता वहीत लिहिली, ही झाली निरीक्षणाची नोंद. मग गुढी उभारायच्या वेळेला घरी.

धूमकेतूचं काम उलटं. तिथे शोधायला त्रास नाही, क्षितिज लागतं. ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिनशान-अ‍ॅटलस १२ तारखेला पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. १४-१५ ला संध्याकाळी पश्चिमेला डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती आणि या दोघांच्या मधल्या पट्ट्यात तो. मोहोळच्या दिशेने शहर पाठीमागे टाकून उभा राहिलो. शेपूट नुसत्या डोळ्यांनी अंदाजाने, १०×५० च्या द्विनेत्रीतून स्पष्ट. आठ इंचीतून उलट निराशा झाली, कारण एवढ्या मोठेपणात शेपूट मावतच नाही, नुसतं डोकं दिसतं. १६ ला कोजागिरी. गच्चीवर दूध आटेपर्यंत तो मावळूनही गेला, आणि चांदण्याने आधीच फिका पाडला होता.

तुमच्या प्रश्नात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या ते मला आवडलं, कारण धूमकेतू स्वतःही क्ष-किरण सोडतो. १९९६ मध्ये रोसॅट उपग्रहाने ह्याकुताके धूमकेतूकडे पाहिलं तेव्हा सगळे चक्रावले. बर्फाच्या गोळ्यातून क्ष-किरण? उत्तर सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतात होतं. त्यातले ऑक्सिजन-कार्बनचे इलेक्ट्रॉन गमावलेले आयन धूमकेतूच्या वायूतून इलेक्ट्रॉन हिसकावतात, आणि तो इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर उतरताना क्ष-किरण निघतो. म्हणजे एकीकडे कोट्यवधी अंशांचा वायू आणि दुसरीकडे थंडगार बर्फ, पण किरण तेच.

आता तुमच्यासाठी: धूमकेतूसाठी ही दुर्बीण काढू नका, द्विनेत्री पुरे. पेटलेल्या स्रोतांसाठी ती उत्तम आहे. हंस तारकासमूहातला व्ही४०४ जून २०१५ मध्ये ११ व्या प्रतीच्या आसपास आला होता, आणि तेव्हा ढगांनी दगा दिला नसता तर अशी दुर्बीण पुरली असती. बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेचे तुलनाताऱ्यांचे नकाशे फुकट मिळतात. छापून घ्या, लाल कागद लावलेला टॉर्च घ्या, आणि नकाशा उलटा धरा.