काळ्या चेहऱ्यांच्या पलीकडचं बघ

अमेरिकेतल्या अपालाचिया या डोंगराळ भागातल्या कोळसा कामगारांवर फोटोंचं काम करायचंय ना? मग आधी काजळलेल्या चेहऱ्यांचा मोह सोड, ते फोटो ढिगाने आहेत. १९६८ साली तिथल्या फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण दगावले. १९६९च्या शेवटच्या दिवशी खाण कामगारांच्या युनियनमधल्या भ्रष्टाचाराला आव्हान देणाऱ्या कामगार नेते याब्लॉन्स्कींचा पत्नी आणि मुलीसह खून झाला. त्यातूनच ‘मायनर्स फॉर डेमोक्रसी’ ही कामगारांची चळवळ उभी राहिली आणि १९७२मध्ये तिचे उमेदवार अर्नोल्ड मिलर युनियनच्या अध्यक्षपदी निवडून आले. हे माहीत नसेल, तर सभेत उंचावलेला हात नुसताच हात दिसतो. छायाचित्रकार अर्ल डॉटर यांचे तेव्हाचे फोटो सावकाश बघ. फुप्फुसात धूळ बसलेला माणूस तीन पायऱ्या चढून कठडा धरतो, तिथे थांब. खाणीत मिथेन असतो, परवानगीशिवाय फ्लॅश नेऊच नकोस. आणि प्रिंट त्याच्या घरी स्वतः नेऊन दे.