लॉन ट्रॅक्टरची पुढची चाकं बाहेर फाकलीत, गवत कापताना गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट घरी करता येईल का?

हो, घरी नक्की करता येते, पण टाय रॉडला (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याला) हात लावण्याआधी झीज तपासा. इथे अमेरिकेत मी हीच यंत्रं दुरुस्त करतो. फाकलेल्या चाकांमागे बहुतेक वेळा झिजलेला स्पिंडलचा (चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या भागाचा) बुश, म्हणजे आतली नळी, किंवा टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे फिरता सांधा, सापडतो. इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा, पुढचा भाग जॅकवर घ्या आणि चाक वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवून बघा. खटखट प्ले (ढिलेपणा) लागला तर आधी तो भाग बदला, नाहीतर केलेलं सेटिंग टिकणारच नाही. मग सपाट काँक्रीटवर, दोन्ही टायरांत सारखी हवा भरून, स्टीअरिंग सरळ ठेवा. अॅक्सलच्या उंचीवर दोन टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं माप साधारण ३ मिमी कमी हवं. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. चेकनट (रॉड जागेवर घट्ट धरणारा नट) सैल करून रॉड फिरवा: रॉड अॅक्सलच्या मागे असेल तर लांब केल्यावर चाकं पुढून आत येतात, पुढे असेल तर आखूड केल्यावर. मात्र बऱ्याच स्वस्त मॉडेलांत टाय रॉडला आटेच नसतात. तिथे वाकलेला रॉड किंवा बुश बदलणं एवढाच इलाज. रॉड ठोकून सरळ करू नका, तो वळणावर तुटू शकतो.