नाशिकहून घणसोलीला १ बीएचकेमध्ये राहायला येतोय. साड्या, पितळी भांडी आणि वर्षाचं धान्य कुठे नि कसं ठेवू?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात येताय, घर चारशे चौरस फुटांच्या आसपास, माणसं पाच, त्यात सासूबाई आणि एक तान्हं बाळ, आणि सामान मात्र मोठ्या घराचं. मी नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहते, घर साधारण तुमच्याएवढंच. कमी जागेत जास्त सामान कसं बसवायचं हे सांगणारे खूप जण भेटतील. माझं सांगणं वेगळं आहे. इकडे सामान लावताना आधी ओल कुठे येते ते बघा, जागेचा हिशेब त्यानंतर करा.

नाशिकला कपाट कुठल्याही भिंतीला टेकवलं तरी चालून जातं. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ७० टक्के पुरतात. मग कापड असो, चामडं, लाकूड किंवा पीठ, हवा फिरत नसेल तिथे ती येणारच.

म्हणून किल्ली हातात आली की रिकाम्या घरात फिरा आणि दोन भिंती हेरून ठेवा. एक, बाहेरची पश्चिमेकडची किंवा दक्षिणेकडची. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि वाऱ्यासोबत तिरका होऊन याच भिंतींवर मारतो. दुसरी, बाथरूमला लागून असलेली आतली भिंत. मे महिन्यात दोन्ही हाताला कोरड्याच लागतील, त्यामुळे रंगाकडे बघा. पापुद्रे सुटलेत का, फुगे आलेत का, जमिनीलगत पांढरी भुकटी जमली आहे का? त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे तुमच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारणं. कुठली भिंत गळते हे त्यांना तोंडपाठ असतं. कपड्यांचं कपाट या दोन भिंतींना लावू नका. दुसरा इलाजच नसेल तर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पायांखाली ठोकळे द्या, म्हणजे मागून आणि खालून हवा फिरेल.

पलंगाच्या बॉक्सचंही तेच. जागा भरपूर, पण हवा अजिबात नाही. कापसाच्या गाद्या तिथे कोंबल्या की ऑगस्टपर्यंत कुबट वास येतो. बॉक्समध्ये स्टीलची जास्तीची भांडी, बादल्या, प्रवासाच्या रिकाम्या बॅगा ठेवा. रजया ठेवायच्याच असतील तर मे महिन्यात कडक ऊन दाखवून, थंड झाल्यावर ठेवा, आणि पावसात उघडीप पडली की झाकण उघडून तासभर पंखा सोडा.

आता साड्या, कारण तिथे नुकसान भरून येत नाही. जरीच्या साड्या दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांतून बाहेर काढा, प्लास्टिकमध्ये ओल अडकून बसते. धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचे किंवा मलमलचे तुकडे करा आणि एकेक साडी सुटी गुंडाळा. खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदीला गंधक सोसत नाही. घणसोली, ऐरोली, वाशी हा सगळा खाडीकाठ आहे. खाडीच्या चिखलातून आणि नाल्यांतून जो वास येतो त्यात गंधकाचा वायू असतो, त्याने निरांजनं काळवंडतात तशी जरही काळवंडते. दर दोन-तीन महिन्यांनी साडी पूर्ण उलगडायची, पंख्याखाली पसरून ठेवायची आणि घडी वेगळ्या ठिकाणी घालायची. माझ्या आईच्या पैठणीचा काठ मी असाच बोटाने चाचपून बघते. घडीच्या रेषेवर जरीची तार जराही खरखरीत लागली, तर पुढची घडी तिथून चांगली वीतभर सरकवते.

डांबराच्या गोळ्या जरीच्या साड्यांत ठेवू नका आणि बाळाच्या कपड्यांत तर मुळीच नको. काही बाळांना जन्मतः जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळाच्या अंगाशी या गोळ्यांच्या वासाचे कपडे आले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळंतविड्याचे कपडे, दुपटी, झबली यांत वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवा. ओल शोषणाऱ्या लटकत्या पिशव्या दुकानात मिळतात, त्यांचा उपयोग होतो. पण त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं आणि ओढलेलं पाणी खालच्या कप्प्यात साठतं. ते सांडलं तर कपड्याची नासाडी, म्हणून पिशवी साड्यांच्या वर न टांगता कपाटाच्या मोकळ्या कोपऱ्यात टांगा.

आणि हे सगळं करूनही अर्धवट वाळलेला एक टॉवेल घडी करून आत गेला, तर त्याने अख्खा खण बिघडतो. दोरीने खाली-वर होणारा छताचा हँगर पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. पावसाळ्यात कपडे आधी इस्त्री, मग थोडा वेळ खुर्चीवर, मग कपाटात.

वर्षाचं धान्य भरू नका. सासूबाईंना हे सांगणं जड जाईल याची मला कल्पना आहे, ती त्यांच्या हाताची सवय आहे. त्यांना एकदा तुर्भ्याच्या दाणा बाजारात घेऊन जा. घणसोलीहून तुर्भे दोनच स्टेशनं. एवढा माल हाताशी असताना पाच पिंपं घरात कशाला, हे त्यांनाच पटेल. दोन महिन्यांचं भरा. ऊन दिलेलं धान्य पूर्ण निवू द्या आणि मगच डब्यात भरा, गरम भरलं तर आत वाफ धरते आणि टोके होतात. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आहे, पण लहान मूल असलेल्या घरात मला ती पटत नाही. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवा. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, दोन्ही लवकर खराब होतात.

वर्षाचा मसाला मात्र जरूर करा, तो टिकतो. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे, तोंडाला फडकं. रोजच्यापुरता लहान डब्यात काढायचा आणि मोठ्या बरणीला ओला चमचा लागू द्यायचा नाही.

ओट्याखालची जागा गॅसवर अवलंबून आहे. महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर सिलिंडरची जागा मोकळी मिळते, तिथे तेलाचे डबे, कुकर, कढया मावतात. सिलिंडरच असेल तर तो उभा आणि मोकळ्या हवेतच ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बंद कपाटात तळाशी साठून राहतो.

माळा मी सणांच्या क्रमाने लावते. एकदा लावून बघा, शिडीवरच्या फेऱ्या कमी होतात. पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्यात पुढे गणपतीचं मखर, समया, गौरींचे मुखवटे. त्यामागे नवरात्राचं घटाचं सामान, मग आकाशकंदील नि पणत्या, सगळ्यात मागे स्वेटर-रजया. गणपतीचं सामान खाली आलं की नवरात्राचं पुढे ओढायचं, आणि गणपतीचं परत ठेवताना सगळ्यात मागे सारायचं. खोक्यावर जाड पेनाने नाव लिहा, आणि खोकी पुठ्ठ्याची नकोत, पुठ्ठा ओल धरतो आणि झुरळांना आवडतो.

पितळी भांडी चिंच नाहीतर आपल्या ठाण्याच्या पितांबरीने घासून, उन्हात खडखडीत वाळवून सुती कापडात बांधा. पण सगळीच बांधू नका. एक घंगाळ, एक-दोन पातेली रोजच्या वापरात ठेवा, रोज हात लागलेलं पितळ बांधून ठेवलेल्यापेक्षा चांगलं राहतं. सासूबाईंनाही ती समोर दिसलेली बरी वाटतील.

खरेदीखत, विम्याचे कागद, बाळाचा जन्मदाखला पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि वरच्या खणात ठेवा.

भिंतीत बसवायचं फर्निचर मात्र आल्या आल्या करू नका, सुतार कितीही घाई करो. एक पावसाळा सुट्या कपाटांवर काढा. कुठली भिंत कशी वागते ते तुम्हाला ऑगस्टपर्यंत कळेल. दसऱ्यानंतर त्याला बोलवा, कोरड्या राहिलेल्या भिंतींवर काम काढा, आणि स्वयंपाकघरात आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय मागा. दुकानदार त्याला मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात. शिक्का स्वतः बघून घ्या. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण बेसिनखाली पाणी लागलं की त्याच्या कडा फुगतात आणि मग बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत.