फाइल तुझ्या हातात ठेव

सप्टेंबर २०२१ (बंदीचे, टेस्टचे, लसीचे नियम आणि फी या पत्रात तेव्हाची आहे)

प्रिय बाळ,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. व्हिसा लागून पासपोर्ट घरी आला हे सांगताना आवाज कसा खुश होता, आणि शेवटी शेवटी बारीक होत गेला, "पण ताई, टीव्हीवर तर सांगून राहिले की अमेरिकेनं भारतातल्या लोकांना बंदी केली, मग मला सोडतील का?" तर पहिले हेच सांगते, बाकीचं नंतर. सोडतील. तुला जाता येते.

करोनामुळे या बंदीचा आदेश बायडन यांनी ३० एप्रिल २०२१ ला काढला आणि ४ मे पासून ती लागली. मागच्या १४ दिवसांत जो भारतात राहिला त्याला प्रवेश नाही, हे बरोबर आहे, पण ते नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांसाठी आहे, म्हणजे फिरायला जाणारे, एच-वनवर नोकरीला जाणारे, असे. विद्यार्थ्यांना ऑगस्टपासून सूट भेटली. तुझा व्हिसा या गटातला नाहीच, तो इमिग्रंट व्हिसा आहे, कायम राहायला जाणाऱ्या माणसाचा, आणि वरून तू अमेरिकन सिटिझनची बायको, त्यांना त्याच आदेशात वेगळी सूट लिहिली आहे. म्हणजे एक नाही, दोन कारणांनी तू त्या बंदीच्या बाहेर आहे. आता उठ, पासपोर्ट काढ आणि व्हिसाचं पान नीट पाह्य. कॅटेगरीच्या जागी सीआर-वन दिसते का, म्हणजे लग्नाला दोन वर्षं व्हायची आहेत अशा बायकोचा व्हिसा? आणि खाली एक ओळ आहे इंग्रजीत, तिचा अर्थ असा की प्रवेशाचा शिक्का पडला की हाच व्हिसा एक वर्षासाठी ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. ती ओळ वाच, दोनदा वाच, पाठच करून घे. दहावीला सूत्रं पाठ करून घ्यायची ना मी तुमच्याकडून, तशी.

हे काहून सांगून राहिली ते ऐक. माझा अमेरिकेचा व्हिसा फेब्रुवारी २०२० मध्ये झाला होता, तिकीट २८ मार्चचं. आईनं बॅगा भरून ओसरीत ठेवल्या होत्या, आणि २३ मार्चला सगळी आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, मग लॉकडाऊन. मेडिकल सहा महिने चालते म्हणून व्हिसाही तेवढाच, ऑगस्टपर्यंत. मार्च गेला, उन्हाळा गेला, पऱ्हाटी पेरून झाली तरी मी गावी वरुडलाच. जुलैत भारत-अमेरिका एअर बबल झालं, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून मोजकी विमानं सोडली, तेव्हा कुठं तिकीट भेटलं, व्हिसा संपायला अकरा दिवस राहिले होते. मुंबईला एअरपोर्टवर काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला मॅडम, नवीन इमिग्रंट व्हिसा सध्या बंद आहे. तेव्हा खरंच एप्रिल २०२० चा एक आदेश होता, नवीन इमिग्रंट लोकांना थांबवणारा, पण सिटिझनच्या नवरा-बायकोला त्यातून सूट होती. मला हे माहीत होतं पण अर्धवट, कारण सगळं वाचलं होतं आमच्या यांनी, फॉर्म त्यांनी भरले, ईमेल त्यांच्याकडे, आणि त्या आदेशाचा प्रिंट, लग्नाचं सर्टिफिकेट, सगळी फाइल बाबांच्या पिशवीत होती. बाबा बाहेर. करोनामुळे आत फक्त प्रवाशालाच सोडत होते.

काचेच्या पलीकडे बाबा उभे, तोंडाला आईनं शिवलेला मास्क, एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात ती फाइल, आणि मी आतून हातवारे करून राहिली. शेवटी गेटवरच्या जवानानं ती फाइल घेतली, वरून सॅनिटायझर मारलं आणि मला आणून दिली, प्लास्टिकच्या कव्हरवर थेंब तसेच होते, ते मी ओढणीनं पुसले. मग सुपरवायझरला बोलावलं, त्यानं वाचलं, कुठं तरी फोन लावला, पाऊण तास गेला आणि बोर्डिंग पास भेटला. त्या पाऊण तासात माझ्या तोंडातून एक धड वाक्य निघालं नाही. मी, एम.एस्सी. झालेली बाई, "माझ्या मिस्टरांना विचारून सांगते" एवढंच म्हणून राहिली होती, आणि तिकडे रात्रीचे तीन वाजले होते.

म्हणून तुला सांगते, तुझी फाइल तुझ्या सासऱ्यांच्या कपाटात आहे म्हणाली ना, ती आजच मागून घे. त्यांनी जपून ठेवली हे चांगलंच केलं, तसं बोलून दाखव, पण मागून घे. घरातले सगळे मायेनं करतात ते मला माहीत आहे. पण काउंटरवर तू एकटी राहशील, आणि तिथं तुझ्या तोंडून निघालं पाहिजे की माझा इमिग्रंट व्हिसा आहे, हा आदेश नॉन-इमिग्रंटसाठी आहे, हा बघा प्रिंट. प्रिंट दोन काढ, एक फाइलमध्ये, एक पर्समध्ये. इंग्रजी अडलं तर अडू दे, कागदावर त्या ओळीखाली पेननं रेघ मारून ठेव आणि बोट ठेवून दाखव.

आता टेस्टचं. विमान सुटायच्या आधीच्या तीन दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट लागते, हा नियम २६ जानेवारी २०२१ पासून आहे. लोक ७२ तास ७२ तास करतात, तसं नाही, दिवस मोजायचे. शुक्रवारचं विमान असलं तर मंगळवारी किंवा त्यानंतर दिलेलं सॅम्पल चालते, सोमवारचं नाही. आरटी-पीसीआर चालते, अँटीजेनही चालते, पण लॅबचा कागद पाहिजे. टेस्ट गावाकडे करू नको. नागपूर-अमरावतीला लॅब आहेत, चांगल्या आहेत, पण रिपोर्टला एक दिवस उशीर झाला की तू अर्ध्या रस्त्यात आणि तारीख निघून गेली. मुंबईला दोन दिवस आधी पोहोच आणि तिथंच कर. तसंही पावसाळ्यात कसारा घाटात कधी गाडी अडकेल काही नेम नाही, विदर्भ एक्सप्रेसच्या भरवशावर त्याच दिवशीचं विमान धरणं मला पटत नाही.

आणि रिपोर्ट हातात आला की पहिले नाव पाह्य. हे मी मुद्दाम लिहून राहिली, कारण तुझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार कार्ड सासरच्या नावाचं, बरोबर? लॅबवाला आधार मागतो आणि त्यावरून नाव टाकतो. रिपोर्टवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. त्याला आधार देऊच नको, पासपोर्ट दे, आणि रिपोर्टवर पासपोर्ट नंबर छापायला सांग. नाव, जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर, कोणती टेस्ट, कोणती लॅब, सॅम्पलची तारीख आणि रिझल्ट, एवढं त्या कागदावर दिसलं पाहिजे. तिकिटावरही पासपोर्टचंच नाव, जावईबापूंनी हौसेनं नवीन आडनाव टाकून तिकीट काढलं असेल तर आजच बदलायला लाव.

मागच्या तीन महिन्यांत तुला करोना झाला असेल तर सांग मला, कारण बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याला रस्ता आहे, जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरचं पत्र, की ही बाई बरी झाली, प्रवास करू शकते. पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं.

लसीचा दुसरा डोस राहिला म्हणून रडून राहिली होती तू. शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्यांना कोव्हिशील्डचा दुसरा डोस २८ दिवसांनी देऊन राहिले आणि नवऱ्याकडे जाणारीला ८४ दिवस थांबवतात, याचा मलाही राग आला. पण तुझ्या विमानासाठी लसीची अट नाही, टेस्टची आहे. दुसरा डोस इथं येऊन घेता येईल, पहिल्याचं कोविनचं सर्टिफिकेट पासपोर्ट नंबर जोडून सोबत आण.

विमान सरळ घे, मुंबईहून नेवार्कला सरळ जाते. पैसे जास्त लागतात, पण मधे कुठं उतरायचं म्हटलं की त्या देशाचा नियमही आपल्याला लागतो. दुबईवाल्यांनी एप्रिलच्या शेवटी भारतातून येणं बंद केलं ते ट्रान्झिट ऑगस्टमध्ये उघडलं, तोपर्यंत लोकांची तिकिटं अशीच लटकून राहिली.

जावईबापूंचा तो विचार, डिसेंबरपर्यंत थांबायचा, तो मला समजला. तुमचं लग्न डिसेंबर २०१९ चं, प्रवेशाच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण असली तर ऑफिसरला सांगून आयआर-वन म्हणून जाता येते आणि कार्ड सरळ दहा वर्षांचं भेटते. आता गेली तर कार्ड दोन वर्षांचं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ चा, म्हणजे कार्ड पक्कं करायचा, फॉर्म भरावा लागतो, फी आहे, लग्न खरं आहे याचे पुरावे जोडा, हे सगळं. गणित बरोबर आहे त्यांचं. पण तुझा व्हिसा जानेवारीत संपते, आणि मधल्या तीन महिन्यांत कोणता आदेश येईल, कोणती लाट येईल, कोणी सांगावं? मी पाच महिने ओसरीतल्या बॅगा पाहिल्या आहेत. मी तर म्हणीन आता निघ, तो फॉर्म मी तुला बसून भरून देईन. तरी निर्णय तुमचा दोघांचा, आणि दोघांचा म्हणजे तुझाही.

२२० डॉलरची इमिग्रंट फी निघायच्या आधी ऑनलाइन भरून टाका, नाही तर प्रवेश होतो पण कार्ड छापून घरी येत नाही. कॉन्सुलेटनं सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते उघडायचं नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. काहींचे कागद आता कॉम्प्युटरवरूनच जातात, मग पाकीट नसते, व्हिसावर तसं लिहिलेलं असते, घाबरू नको. पाकीट, एक्स-रेची सीडी दिली असेल तर ती, रिपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, सगळं केबिन बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत काहीच नाही.

बॅगेवरून आठवलं, कढीपत्ता. काकू टाकणारच, मला माहीत आहे. माझ्या आईनंही टाकला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, लोणच्याच्या बरणीमागे, "तिकडं कुठी भेटन माय तुले" म्हणून. तो नेता येत नाही, आणि हे कारण आपल्या गावात सगळ्यात चांगलं समजेल. संत्र्यावर सायला ही बारीक कीड येते ना, ज्याच्यासाठी बाबा नवती फुटली की फवारणी करतात आणि ज्याच्यामुळे ग्रीनिंगचा रोग पसरते, ती सायला कढीपत्त्यावरही राहते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बागा त्याच रोगानं बसल्या. मी इथं उतरल्यावर फॉर्मवर खरं लिहिलं, त्या बाईनं पुडी काढून घेतली, दंड नाही, काही नाही, पण आईनं तोडलेल्या त्या काड्या टोपलीत पडताना पाहिल्या आणि मला विमानात नाही आलं एवढं रडू तिथं आलं. म्हणून घरीच समजावून सांग. संत्री नाही, बियाणं नाही. जवसाची चटणी, कुरोड्या, सरगुंडे, तिखट भरपूर आण, आणि विचारलं की खायचं सामान आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही.

नेवार्कला उतरल्यावर पहिल्या खिडकीवरून तुला वेगळ्या खोलीत पाठवतील. नवीन इमिग्रंटला पाठवतातच, काही चुकलं म्हणून नाही. फोन वापरू देत नाहीत, मला अडीच तास बसवलं. जावईबापूंना आधीच सांगून ठेव म्हणजे ते बाहेर जीव खात बसणार नाहीत. बोटांचे ठसे, सही, आणि मग पासपोर्टवर शिक्का. शिक्का पडला की तिथंच तारीख वाचून घे.

आणि तू मेसेजच्या अगदी शेवटी जे विचारलं, बाबांना काही झालं तर येता येईल का. तुमच्या घरातून या एप्रिलमध्ये आजी गेली, म्हणून हा प्रश्न कुठून आला ते मला समजते. इथं आमच्या बिल्डिंगमध्ये वर्धेकडचा एक दादा आहे, एच-वनवर. मे महिन्यात त्याचे वडील गेले, पण गेला असता तर या बंदीमुळे परत येणं अडलं असतं, नोकरी इथं, लेकरं इथं. त्यानं अग्नी व्हिडिओ कॉलवर पाहिला, फोन भिंतीला टेकवून, पाट मांडून, आंघोळ करून बसला होता. तुझं तसं होणार नाही. शिक्का पडल्या दिवसापासून तू परमनंट रेसिडेंट आहे, आणि ही बंदी त्यांना लागत नाही. कार्ड आलं नसलं तरी शिक्क्याचा व्हिसा दाखवून एक वर्ष येणं-जाणं करता येते, टेस्ट तेवढी लागेल. सहा महिन्यांच्या वर गावाकडे राहिली तर परत येताना प्रश्न विचारतात, वर्षाच्या वर राहायचं असलं तर आधी इथं रीएंट्री परमिट, म्हणजे परत यायचा परवाना, काढावं लागते. पण तू येऊ शकते. बाबांना हे तूच समजावून सांग, पासपोर्ट उघडून, ती ओळ दाखवून, कारण ते तोंडानं विचारणार नाहीत, मास्कच्या आड लपवतील, माझ्या बाबांनी तेच केलं.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल कर, एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धर, मी पाहते. तुमच्याकडे रात्री नऊला कर, माझ्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि पोरगं झोपलेलं असते.

तुझी ताई