‘थोडं थांबून बघू या का?’

“मॅडम, दोन वर्षांची झाली की कळेलच ना सगळं? आत्तापासून ‘सेरेब्रल पाल्सी’ हे नाव कशाला लावायचं?” बाबांनी विचारलं. मांडीवर आठ महिन्यांची लेक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

लेक प्रत्येक वस्तू उजव्या हातानेच घेते, डावी मूठ मिटलेलीच, हे आईने पाचव्या महिन्यातच हेरलं होतं. ‘उजवी असेल, त्यात काय!’ म्हणून घरच्यांनी विषय संपवला. खरं तर पहिल्या वर्षात बाळ एकाच हाताला धरून राहत नाही. राहिलं तर दुसरा हात तपासायलाच हवा. आता एमआरआय झाला होता आणि कागदावर लिहिलं होतं, ‘सेरेब्रल पाल्सीचा मोठा धोका’. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण.

मी वाद घातला नाही. खुळखुळा तिच्या डाव्या बाजूला धरला. उजवा हात छातीवरून आडवा होत तिकडे पोचला. डावा हललासुद्धा नाही. बाबा बघत राहिले.

२०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी हेच सांगतात: निदान पक्कं नसेल तर ‘मोठा धोका’ एवढंच म्हणा, पण उपचार सुरू करा. मेंदू या वयात भराभर घडत असतो आणि न वापरलेला हात मागे पडत जातो.

“मालिश रोज चालू आहे की,” आजी म्हणाल्या. मालिश बाळाला आवडते, जरूर करा. पण हात शिकतो तो स्वतः धडपडून. म्हणून थेरपिस्टने उजव्या हातावर मोजा चढवायला सांगितला: रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे. खेळणं असं, की डाव्या हाताला जमलंच पाहिजे. या पद्धतीवरचे अभ्यास लहान आहेत, तरी त्यांत हाताचा वापर वाढलेला दिसतो. मेंदूची इजा मात्र पुसली जात नाही, हेही मी तेव्हाच सांगितलं. ‘बरी होईल’ हा शब्द मी वापरत नाही.

निघताना आई दारात थांबली. “तीन महिने वाया घालवले का हो मी?”

“तुम्हीच तर पाहिलंत. ऐकणारं कुणी नव्हतं.”

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. आजींना दया येते, त्या मोजा काढून टाकतात! मग अर्धा तास आजींकडेच सोपवला. सहाव्या आठवड्यात बाबांनी व्हिडिओ दाखवला: डावा तळवा वाटीवर पडतो, घसरतो, पुन्हा पडतो, आणि वाटी बोटभर जवळ सरकते. मागून आजी ओरडतात, “उजवा धरू नकोस रे तिचा, मोजा आहे!”