आधी वारा बघा, मग खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये दहा रात्री, तुम्ही दोघं आणि सोबत आई. समुद्र, हिरवाई आणि देखणी, जरा ऐटीतली राहायची जागा हवी, देश कुठलाही चालेल. आणि दोन आठवडे फोटो चाळून आता सगळं सारखंच दिसायला लागलंय.

सारखंच दिसणार. काठावरून पाणी ओसंडणारा तलाव, त्यात तरंगणारं न्याहारीचं तबक, पांढऱ्या मच्छरदाणीचा पलंग आणि क्षितिजाकडे पाठ न फिरवणारी एक रिकामी खुर्ची. ही चार दृश्यं उष्ण कटिबंधात कुठेही उभी करता येतात, आणि ती टिपायला सकाळची वीस मिनिटं पुरतात. तुम्हाला मात्र तिथे दुपारी दोन वाजताही राहायचं आहे. म्हणून माझा हिशेब साधा आहे. अशा हवेत चैन म्हणजे सावली, वारा आणि कोरडी उशी. हे तिन्ही ज्यांना जमलंय त्या जागा बहुतेक वेळा देखण्याही असतात. देखण्या जागांना हे जमतंच असं नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एकदा आम्ही बऱ्यापैकी महागड्या रिसॉर्टमध्ये 'सनसेट व्ह्यू' खोली घेतली होती. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. दुपारी बारापासून ती भिंत तव्यासारखी तापायची, मग जाड पडदे ओढायचे, एसी सोळावर न्यायचा आणि अंधारात बसायचं. ज्या समुद्रासाठी पैसे मोजले तो दिवसातून अर्धा तास दिसायचा. त्यात खिडकी एकही उघडणारी नव्हती. बंद, गार खोली आणि बाहेरची दमट हवा यांचं जमत नाही. दार उघडलं की आत शिरलेली वाफ गार भिंतींवर, गादीवर, कपाटात दव धरते. तिसऱ्या दिवशी कपड्यांना तो ओळखीचा कुबट वास यायला लागला. खोलीत फुलांचा अत्तरदिवा ठेवला होता. तो वास लपवायलाच ठेवलाय, हे उशिरा लक्षात आलं.

तेव्हापासून मी फोटो वेगळ्या नजरेने बघते. छताला पंखा आहे का? समोरासमोरच्या दोन भिंतींना उघडणाऱ्या खिडक्या आहेत का? छप्पर भिंतीच्या किती पुढे आलंय? वळचण चांगली चार-पाच फूट पुढे असेल तर पाऊस पडत असतानाही खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि पागोळ्या बघत बाहेर बसता येतं. खोलीइतकाच मोठा व्हरांडा असेल तर उत्तमच, कारण दिवसाचा बराच वेळ तुम्ही तिथेच काढणार. विषुववृत्ताच्या आसपास दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्याला छप्पर अडवतं. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर थेट येतं, त्याला छप्पर काही करू शकत नाही. म्हणून उत्तर किंवा दक्षिणेकडे तोंड असलेली खोली घ्यावी आणि सूर्यास्त बघायला पायी खाली जावं.

ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही. श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी आयुष्यभर हेच केलं: खोल वळचणी, मधले चौक, आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं ते कळू न देणारे ओटे. दंबुल्लाजवळचं त्यांचं कंदलामा हॉटेल आधी सिगिरिया या प्रसिद्ध कातळगडाच्या पायथ्याशी व्हायचं होतं. त्यांनी हेलिकॉप्टरमधून परिसर पाहिला आणि जागाच बदलायला लावली. तळ्याच्या पलीकडे, कड्याला बिलगून, जिथून सिगिरिया दूर क्षितिजावर दिसतो. आज ती लांबलचक इमारत वेलींखाली जवळजवळ गडप झाली आहे आणि तिच्या वाटा-गॅलऱ्यांतून वारा खेळतो. मलेशियाच्या लंकावी बेटावरचं दताई हॉटेल (१९९३, वास्तुरचनाकार केरी हिल) मुद्दाम किनाऱ्यापासून मागे, जंगलात बांधलं. वाळूवर इमारत आणायचा मोह त्यांनी टाळला, म्हणूनच तिथला किनारा अजून किनाऱ्यासारखा दिसतो. बालीत तर साठच्या दशकात सानूरच्या किनाऱ्यावर एक उंच हॉटेल उभं राहिलं आणि त्यानंतर नारळाच्या झाडाइतकीच, म्हणजे १५ मीटर उंचीची मर्यादा आली. तिथली हॉटेलं आडवी पसरतात आणि बागेत विरघळतात, त्याला सौंदर्यदृष्टीइतकाच हा नियमही कारणीभूत आहे.

सांगायचा मुद्दा असा की ब्रँडचं नाव शोधण्याऐवजी ती जागा कोणी बांधली हे शोधा. वास्तुरचनाकाराचं नाव अभिमानाने सांगणारी हॉटेलं सहसा इमारतीची काळजीही घेतात.

आता ऑगस्ट. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण 'थायलंडमध्ये पावसाळा कधी' या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठला किनारा, ते आधी सांगा. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात आणि समुद्र पोहण्यालायक नसतो. पलीकडच्या कोह समुईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, म्हणजे ऑगस्ट बरा. श्रीलंकेतही तेच: नैर्ऋत्येची बेंतोटा, गॉलची बाजू ऑगस्टमध्ये खवळलेली आणि त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमाली, पासिकुडा शांत. बाली कोरडं असतं, पण तो तिथला गर्दीचा मोसम आहे, दर चढे असतात आणि चांगल्या खोल्या लवकर जातात. झांझिबारही कोरडं. मॉरिशसला तेव्हा हिवाळा. पूर्व किनाऱ्यावर आग्नेयेचे व्यापारी वारे झोडपतात, तर पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकची बाजू आडोशाला असते. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून, तेव्हा ते यंदा सोडाच. शिवाय २०११ पासून तिथल्या बऱ्याच किनाऱ्यांवर सारगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग येऊन पडतात आणि ते कुजलं की वास असह्य होतो. माहितीपत्रकातल्या फोटोत ते कधीच नसतं.

'बीचफ्रंट' हा शब्दही तपासून घ्या. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे-जांबियानीकडे, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला समुद्र शेकडो मीटर आत जातो आणि तुमच्या सुंदर शेजखुर्चीसमोर चिखल, शेवाळ आणि खेकडे उरतात. मला ते आवडतं, तासन्‌तास चालता येतं. पण पोहायला आलेल्या माणसाची निराशा होते. उत्तरेला नुंगवी, केंद्वाला हा त्रास बराच कमी. हॉटेलला सरळ विचारा की ओहोटीच्या वेळी पोहता येतं का. उत्तरात तलावाचं कौतुक आलं, तर समजून जा.

पाण्यावरच्या खोल्यांबद्दलही तुम्ही विचारलंत. त्यांची गंमत अशी की त्या १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या राइआतेआ बेटावर पहिल्यांदा बांधल्या गेल्या, कारण तिथल्या हॉटेलला किनाराच नव्हता! अडचणीतून निघालेली ती सोय आज चैनीची खूण झाली आहे. एक-दोन रात्रींसाठी मजा येते. नंतर जाणवतं की सावलीला झाड नाही, पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन डोळ्यांत येतं आणि जेवायला जायचं तर लांब लाकडी पुलावरून उन्हात चालायचं. आईंना समुद्रात उतरायला तिथे बहुधा शिडीच असते. मालदीवचा विचार असेल तर आणखी एक: समुद्री विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान दुपार उलटल्यावर पोचणार असेल तर पहिली रात्र राजधानी मालेत काढावी लागेल, आणि ती रिसॉर्टच्या दहा रात्रींतून वजा होईल. स्पीडबोटीने पोचता येईल असं बेट घ्या, नाहीतर विमानाची वेळ बदला.

आईंची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण माझ्या मते निवड तिच्यावरच ठरावी. उष्ण कटिबंधातल्या सुरेख जागा डोंगरउतारावर असायला आवडतात. बालीतच बघा: उबुदच्या दरीतले व्हिला, उलुवातूचे कडे. फोटोत पायऱ्या दिसत नाहीत, गुडघ्यांना दिसतात. 'बग्गी मिळेल' याचा अर्थ बग्गी रस्त्यापर्यंत, पुढच्या ऐंशी पायऱ्या तुमच्या. तेव्हा पत्रात असं विचारा: स्वागतकक्ष, जेवणाची जागा आणि किनारा, या तिन्हींपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? आकडा मागा. 'थोड्या' हे उत्तर स्वीकारू नका. आणि उघड्या आकाशाखालचं न्हाणीघर घेणार असाल, तर पावसात त्या गुळगुळीत दगडावर वयस्कर माणसाने चालावं का, याचाही विचार करा. माझ्या अशाच एका न्हाणीघरात एक बेडूक मुक्कामाला होता. त्याच्याबद्दल तक्रार नाही, दगडाबद्दल आहे.

अख्खा व्हिला घ्यावा का? तिघांसाठी दर डोई बरा पडतो, आई दुपारी निवांत झोपतात, स्वयंपाकी असेल तर वेळेचं बंधन नाही. पण तिथे सगळी भिस्त एका व्यवस्थापकावर असते. वीज गेल्यावर जनरेटर फक्त दिवे चालवतो की एसी आणि पाण्याचा पंपही, हे आधी विचारा. शेजारी बांधकाम आहे का, तेही. नकाशावरचं उपग्रहचित्र जुनं असू शकतं, म्हणून गेल्या तीन महिन्यांतले पाहुण्यांचे अभिप्राय उघडा आणि त्यात 'वास', 'बुरशी', 'बांधकाम', 'जनरेटर', 'डास' एवढेच शब्द शोधा. 'स्वर्ग', 'अविस्मरणीय' वगैरे वाचण्यात वेळ घालवू नका. पाहुण्यांनी काढलेले वाकडेतिकडे फोटो अधिकृत फोटोंपेक्षा जास्त बोलतात: पडद्याची कड, छताचा कोपरा, गादीची शिवण. रात्रीचे फोटोही बघा. या पट्ट्यात सहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि अंधार चटकन पडतो. रोज संध्याकाळ मोठी असते. ती पांढऱ्या ट्यूबलाइटखाली काढायची की झाडांत लपवलेल्या पिवळ्या दिव्यांत, हा फरक मोठा आहे.

बिलाचं पटकन सांगते. दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर सेवाशुल्क आणि कर वेगळे. बालीत १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर १० टक्के कर, म्हणजे २१ टक्के. थायलंडमध्ये १० वर ७, म्हणजे १७.७. मालदीवमध्ये जुलै २०२५ पासून पर्यटन कर १७ टक्के झालाय. सेवाशुल्क धरून जवळजवळ २९ टक्के होतात, शिवाय माणशी रोजचा ग्रीन टॅक्स वेगळा. दोन ठिकाणांची तुलना नेहमी शेवटच्या आकड्यावरच करा.

मी तुमच्या जागी असते तर दहा रात्रींत दोनच मुक्काम केले असते. खोली सकाळी अकराला सोडायची आणि नवी दुपारी तीनला मिळायची, म्हणजे प्रत्येक बदल एक दिवस खातो. बालीत जायचं तर उबुदला दरीत नको, भातखाचरांच्या सपाटीवर तीन रात्री, मग सानूर. तिथे प्रवाळभिंतीमुळे लाटा शांत असतात आणि किनाऱ्यालगतची वाट सपाट आहे, आई एकट्याही फिरतील.

पण मला विचाराल तर ऑगस्टला श्रीलंका. कंदलामात चार रात्री, मग पूर्वेला पासिकुडात सहा. दंबुल्लाच्या भागात तेव्हा कोरडं असतं, मिन्नेरियाच्या तळ्याकाठी हत्तींचे कळप जमण्याचा हाच काळ, आणि पासिकुडाचा उपसागर इतका उथळ की बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेइतकंच. कंदलामाच्या खोल्यांचा थाट नव्या रिसॉर्टांइतका नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिथे पैसे इमारतीचे आणि तळ्याचे मोजायचे. इमारत फार लांब आहे, तेव्हा लिफ्टजवळची आणि तळ्याकडे तोंड असलेली खोली लेखी मागून घ्या.

आणि इतका वेळ मी खिडक्या-दारं उघडी ठेवायला सांगतेय, पण तिथे बाल्कनीचं दार उघडं टाकून न्याहारीला जाऊ नका. माकडं तुमच्या आधी खोलीत पोचलेली असतात.