ताई ची शिकताना ताओ तत्त्वज्ञान वाचून सरावात फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की ताई ची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला शिकायला लागून दोनेक वर्षं झाली, क्लासमध्ये ‘ताओ’ (विश्वाची मूळ वाट), ‘यिन-यांग’ (परस्परपूरक जोडी), ‘वू वेई’ (जबरदस्ती न करता करणं) हे शब्द सारखे कानावर पडतात, तर मूळ ग्रंथ वाचून काही फायदा होतो का आणि सुरुवात कुठून करावी.

मी ताई ची करते, जोडीला थोडं शिंग यी, ही दुसरी एक चिनी युद्धकला. माझ्या मते जरूर वाचा, फरक पडतो. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. हे ग्रंथ ताई ची शिकवायला लिहिलेले नाहीत. लाओ त्झूच्या नावावरच्या ‘ताओ ते चिंग’ या मूळ ताओ ग्रंथातला मजकूर असलेल्या बांबूच्या पट्ट्या 1993 मध्ये हूबेई प्रांतात ग्वोद्यानला एका थडग्यात सापडल्या. ते थडगं साधारण इ. स. पू. 300च्या सुमाराचं. ताई चीचा धागा आपल्याला पकडता येतो तो हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात, 17व्या शतकातल्या चेन वांगतिंगपासून. मधे जवळजवळ दोन हजार वर्षं आहेत. वूडांग पर्वतावरच्या झांग सानफंग या ताओ साधूने ही कला रचली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. मलाही ती आवडते, पण 1930च्या दशकात तांग हाओ या अभ्यासकाने खुद्द चेन गावात जाऊन शोध घेतला आणि ती दंतकथा असल्याचं मांडलं.

शिवाय क्लासमध्ये ‘ताओचं’ म्हणून सांगितलं जातं ते सगळंच ताओ परंपरेतलं नसतं. ताई चीच्या जुन्या सूत्रग्रंथाची सुरुवातच ‘वूजीतून (निराकार अवस्था) ताईजी (परम तत्त्व) जन्मते, ती यिन-यांगची आई’ अशी आहे. ही मांडणी 11व्या शतकातल्या झोउ दुनयीच्या वळणाची, आणि तो नवकन्फ्यूशियन, म्हणजे कन्फ्यूशियसची परंपरा नव्याने मांडणारा, विचारवंत होता. ‘स्वतःचं सोडून समोरच्याच्या मागे जा’ हे पुश हँड्सचं, म्हणजे जोडीने एकमेकांचा जोर ओळखण्याच्या सरावाचं, लाडकं सूत्र मेंशियस या कन्फ्यूशियन विचारवंताच्या ग्रंथात सापडतं. जुन्या काळच्या शिकलेल्या चिनी माणसाच्या डोक्यात हे सगळे विचार गुण्यागोविंदाने नांदत होते. शिंग यी, बागुआ आणि ताई ची या तिन्ही कलांवर लिहिणारे सुन लुतांग (1860–1933) वाचलेत तर ही सरमिसळ पानोपानी दिसेल. त्यामुळे काही बिघडत नाही. फक्त लाओ त्झूच्या तोंडी भलतंच काही घालू नका.

मग वाचायचं कशासाठी? माझं पहिलं उत्तर आहे खाटीक दिंग. ही गोष्ट ‘च्वांग त्झू’ या दुसऱ्या जुन्या ताओ ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात येते. दिंग राजासमोर बैलाचे तुकडे वेगळे करतो आणि सुरी अशी फिरते की जणू नाच चाललाय. तो सांगतो, साधा खाटीक दर महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडांवर घाव घालतो. चांगला खाटीक वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. माझी सुरी 19 वर्षं जुनी आहे, हजारो बैल झाले, तरी धार आत्ताच दगडावर लावल्यासारखी. कारण सांध्यांमध्ये जागा असते, पात्याला जाडीच नसते, ते त्या जागेतून निघून जातं.

बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात आणि ‘सगळं आपोआप होतं’ असं सांगून मोकळे होतात. पण त्याच्या पुढचं वाक्य आपल्या कामाचं आहे. दिंग म्हणतो, गुंतागुंतीची जागा आली की मी सावध होतो, नजर तिथेच रोखतो, हात मंद करतो, सुरी अगदी हलकेच सरकवतो.

हे पुश हँड्समध्ये ताडून बघा. समोरच्याचा तळवा तुमच्या कोपराजवळ आलाय, दाब वाढतोय. त्या क्षणी खांदा वर चढतो, श्वास अडकतो आणि आपण एक तर ढकलतो नाही तर पळ काढतो. घाव घालणारा खाटीक तो हाच. त्याऐवजी तिथेच वेग कमी करा. दाब नेमका कुठल्या दिशेने येतोय ते कळू द्या, खांदा खाली सोडा, मांडीच्या सांध्यातून कंबर जराशी वळवा. समोरच्याचा जोर आपोआप बाजूने निघून जातो. गोष्ट वाचल्यावर मला सरांचं ‘तिथे घाई करू नका’ हे सांगणं खऱ्या अर्थाने समजलं.

दिंगचं हे करणं म्हणजेच ‘वू वेई’. आपल्याकडे ते म्हटलं की लगेच ‘निष्काम कर्म’ असं समीकरण मांडतात. मला ते पटत नाही. गीतेत प्रश्न कर्तव्याचा आणि फळाच्या आसक्तीचा आहे. दिंगला कर्तव्याशी देणंघेणं नाही, त्याचं सगळं लक्ष समोरच्या बैलाच्या घडणीकडे. दोन्ही विचार मोठे आहेत, पण एकाचा चष्मा लावून दुसरा वाचला की हातात काही येत नाही.

लाओ त्झूच्या 81 प्रकरणांपैकी 8, 43, 76 आणि 78 ही आधी घ्या. 76व्यात जिवंत माणूस मऊ आणि मेलेला ताठ, असं सरळ म्हटलंय. पण मऊ म्हणजे ढिलं नव्हे. त्यात उदाहरण कोवळ्या रोपाचं आहे, आणि कोवळं रोप वाकतं तरी त्याच्या आत वर येण्याचा जोर असतो. तुमचे सर ‘पेंग’ (आतून बाहेर येणारा लवचीक जोर) म्हणत असतील तर ते याच्या जवळचं काहीतरी असतं. एका बैठकीत एकच प्रकरण वाचा, मग स्थिर उभं राहण्याचा सराव करा. सलग वाचत सुटलात तर सगळं सुभाषितांसारखं डोक्यावरून जाईल. इंग्रजी चालत असेल तर ‘च्वांग त्झू’साठी बर्टन वॉटसन यांचा अनुवाद घ्या आणि पहिली सात प्रकरणं वाचा. श्वास आणि बैठकीत रस असेल तर ‘ग्वानझी’ या संग्रहातलं ‘नेइये’ हे छोटं पद्यमय प्रकरण बघा. अंग सरळ, मन शांत, मग प्राणशक्ती येऊन राहते, हे त्यात फार आधीच्या काळात सांगितलंय. माझ्या मते तुमच्या सरावाला लाओ त्झूपेक्षाही ते जवळचं वाटेल.

आणि हे वाचण्यासाठी ताओ धर्म स्वीकारायची गरज नाही. तो आजही देवळं, पुजारी, विधी असलेला जिवंत धर्म आहे, बीजिंगचं पांढऱ्या ढगांचं मंदिर त्याचंच. ताई ची करणारे बहुसंख्य चिनी लोक त्याची दीक्षा घेतलेले नसतात, सकाळी बागेत येतात आणि फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करून घरी जातात.